साठपर्यंत

कागद बिश्केकहून आला. तीन पानी, पिन गंजलेली.
बाळ बाहेर आलं की नाळ लगेच कापू नका,
किमान एक मिनिट थांबा;
वारेतलं रक्त अजून त्याच्याकडे यायला निघालेलं असतं.

एवढंच.

बुरुलकान-एजेनं चष्मा लावून वाचला,
घडी घालून चहाच्या थर्मासखाली ठेवला.
"एकतीस वर्षं कापतेय," म्हणाली,
"आता मिनिटभर या हातांचं काय करू?"

हातांविषयी कागदात काही नव्हतं.
कागदाला ठाऊक नव्हतं
की आमच्या खोलीतलं घड्याळ पावणेचारवर थांबलंय,
की बाळाला ऊब द्यायचं टेबल समोरच्या भिंतीला, चार पावलांवर,
आणि नाळ काही चार पावलं लांब नसते;
की नारीनला जानेवारीत
खिडकीच्या फटींत आम्ही जुन्या चादरी कोंबतो.

सेलसाठी अर्ज केला.
अर्ज गेला. अजून जातोच आहे.
शेवटी चौकीदार सागिनबेकनं
आपल्या ट्रान्झिस्टरमधला सेल काढून दिला
आणि महिनाभर बातम्यांवाचून राहिला.
टेबल राहू दिलं भिंतीला. बाळ आईच्या पोटावर,
वर स्टोव्हपाशी शेकलेला टॉवेल.

मोजायचं काम माझं. मी सगळ्यांत धाकटी.
एक. दोन. तीन.
तीनला कात्री वाजायची.
रजिस्टरात मी तांबड्या शाईनं नवा रकाना आखला होता.
पहिल्या आठवड्यात त्यात: तीन, पाच, तीन, नऊ.
खोटं लिही, असं ती कधी म्हणाली नाही.
मीही साठ लिहिलं नाही.

मग एका रात्री अत-बाशीकडची बाई आली, तिसरं बाळंतपण.
पापणी ओढून पाहिली तर आत पांढरंफटक.
आधीची दोन्ही पोरंही तशीच, म्हणे, मातकट, सुस्त.
बाळ पोटावर आलं तशी एजे म्हणाली,
"ह्याचे सात बाप सांग."
आमच्याकडे पोराला सात पिढ्या तोंडपाठ लागतात.
बाई सांगू लागली, धापा टाकत:
तुर्गुनबाय, त्याचा बाप जापार, त्याचा...
एजेची दोन बोटं नाळेवर.
सातव्या बापाशी नाळ पांढरी पडली, लुळी,
काम उरकून बसलेल्या माणसासारखी.
मी लिहिलं: चौऱ्याहत्तर.

तेव्हापासून कात्री बापजाद्यांसाठी थांबू लागली.
घड्याळ उरलं माझ्यापुरतं.

फेब्रुवारीत एक निळं आलं, निपचित.
अकराला कापली आणि धावलो ती चार पावलं.
रडलं ते, उशिरा, पण रडलं.
बिश्केकहून फोन आला: हे अकरा कसे?
एजेनं माझ्या हातातून फोन घेतला.
"कारण अकराच होते."

आणि मग ती एकोणीस वर्षांची.
सोबत कुणी नाही, पिशवीत एक सफरचंद.
एजेनं सवयीनं विचारलं, सात बाप...
आणि जीभ चावली.
पोरगी भिंतीकडे बघत राहिली.
खोलीत फक्त सागिनबेकचा सेल चालत होता.

"आई तू," एजे म्हणाली, जरा घोगरं. "तुझी आई?"
"उमसुनाय."
"तिची?"
"बातमा... बहुतेक."
"तिची?"
तिला ठाऊक नव्हतं. मलाही माझी नसती आठवली.
आयांची नावं कोण पाठ करून घेतं?
नाळ अजून उडत होती.

मग एजेनं आपली आई घातली. आईची आई घातली.
मग ती सुईण, जिनं हिच्या हातात
पहिल्यांदा कात्री दिली होती.
आणि सातवं,
बोटं नाळेवरून न उचलता, वर न बघता,
माझं.

रजिस्टर उघडाल तर दिसेल,
त्या रात्रीचा रकाना कोरा आहे.
मी मोजायची थांबले होते.